पट्टेवालीवर पहारा

अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी प्यायचे नाहीत, आधी पाणी बघायचे. घरातली बाई तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत हे मागच्या दारी पोचलेले असत. खिशातली बॅटरी पिंपात मारायची, पिशवीतली पांढरी पळी पाण्यात तिरकी बुडवायची, वर काढायची आणि चष्मा कपाळावर चढवून तिच्यात टक लावून बघत राहायचं. पळीत काही वळवळलं नाही तर पुढं येऊन मुकाट्यानं तांब्यातलं पाणी प्यायचे. वळवळलं तर पिंप आडवं. मग त्या घरी सोयरीक जुळवायला गेलेले असोत की दहाव्याला.

माझी आणि त्यांची ओळख अशीच झाली, म्हणजे माझं पिंप आडवं होऊन. मी तेव्हा कुपवाडला झिजलेल्या टायरांना नवं रबर चढवून रिमोल्ड करणाऱ्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये सुपरवायझर म्हणून नुकताच लागलो होतो आणि अण्णांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. मी आटपाडीकडचा. आमच्या घरात तोंड धुतलेलं पाणीसुद्धा आई शेवग्याच्या बुडाला घालायची. त्यामुळं खोलीत सामान लावायच्या आधी मी एक मोठं निळं पिंप आणून काठोकाठ भरून ठेवलं. दहाव्या दिवशी कामावरून आलो तर पिंप गच्चीवर उलटं पडलेलं, आणि आत ऊन खेळत होतं. मी तरातरा जिना उतरून खाली गेलो.

"माझं पाणी कुणी सांडलं?"

"मी," अण्णा म्हणाले. ते पडवीत खुर्ची टाकून पेपर वाचत होते. "त्यात पोरं झालती."

"कुणाची पोरं?"

"पट्टेवालीची."

पट्टेवाली म्हणजे डेंग्यूची डासीण. तिच्या पायांवर पांढरे पट्टे असतात म्हणून अण्णांनी तिला हे नाव दिलेलं. अण्णांनी सगळी नोकरी हिवताप विभागात डास गोळा करण्यात घालवली होती. सातारा आणि सांगली, या दोन जिल्ह्यांतली गावं त्यांना नावांनी नव्हे, तर डासांनी आठवायची. काचेच्या नळीचं एक टोक तोंडात धरून भिंतीवर बसलेला डास अलगद आत ओढायचा, हे त्यांचं काम. मध्ये जाळीचा तुकडा असतो म्हणून डास पोटात जात नाही. "एकदा जाळी फाटलीवती," असं ते जेवताना सांगायचे आणि समोरच्याचा घास हातात राहायचा.

मी त्या दिवशी बराच भांडलो. पाणी सांडणं म्हणजे आमच्याकडं पाप, असंही म्हणालो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, आत गेले आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, जुन्या लुगड्याचं एक फडकं नि इलास्टिक घेऊन आले. "हे पिंपाच्या तोंडाला बांध. झाकलेलं पाणी म्हैनाभर ठिव, मी ब्र काढणार न्हाई. उघडं ठेवलंस तर आठ दिसात परत सांडीन." मी फडकं बांधलं. पण तेव्हापासून मी त्यांना मनातल्या मनात जरा तऱ्हेवाईकच समजत आलो, आणि खरं तर ते होतेच.

काकी त्यांच्या या वेडाबद्दल फार ठसक्यात बोलायच्या. "मला बघायला आलते तवा मी मान खाली घालून पाटावर बसले. हे आधी परड्यात जाऊन रांजण बघून आले, बसले आन म्हणाले, पसंत हाय. माझ्याकडं बघितलंच न्हाई."

"रांजण आतनं घासलेला हुता," अण्णा पेपरमागून म्हणायचे. "आतनं रांजण घासणारी बाई वाईट कशी निघंल?"

डासांबद्दल मात्र ते कधी वाईट बोलायचे नाहीत. पट्टेवाली चावते ती स्वतःच्या पोटासाठी नाही, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. नर बिचारा झाडांच्या रसावर जगतो आणि कुणाच्या अध्यात नसतो, असं ते समजावून सांगायचे. त्यावर काकी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "म्हंजी डासांच्यात सुदीक राबायचं बायकांनीच." मग अण्णा पेपर परत तोंडापुढं धरायचे.

वाईला नोकरीत असतानाची एक गोष्ट ते रंगवून सांगत. घाटाजवळच्या एका घरात पूजेच्या पाण्याचं तांब्याचं घंगाळ होतं. त्यात अण्णांनी पळी घातली तशी त्या घरातले म्हातारे गुरुजी खवळले. हे पाणी शुद्ध आहे, त्याला हात लावायचा नाही, म्हणाले. अण्णा हात जोडून म्हणाले, "पाणी शुद्धच हाय गुरुजी, म्हणून तर ती हितं आलीया. गटारीच्या पाण्याला ती शिवत न्हाई. तुमच्यागतच सोवळी हाय." गुरुजींनी पळीत वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि स्वतःच्या हातानं घंगाळ अंगणात उपडं केलं. पुढं अण्णांची बदली झाली तरी गुरुजी कुणाकुणाबरोबर निरोप पाठवत राहिले, की घंगाळ दर गुरुवारी कोरडं होतं आहे.

निवृत्त झाल्यावर अण्णांना 'जैविक सुरक्षा' हा शब्द सापडला. तो त्यांनी कुठंतरी वाचला आणि त्यांना तो भलताच आवडला. कुंडीखालची बशी, फ्रीजच्या मागची पाण्याची ताटली, रस्त्याकडेला टाकलेली शहाळी, सगळा जैविक सुरक्षेचा प्रश्न झाला. पण त्यांचं खरं दुखणं टायर. त्यांचं म्हणणं असं, की पट्टेवालीची अंडी टायरच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने मरत नाहीत. टायर ट्रकमध्ये चढतो, जहाजात चढतो, देश ओलांडतो. जिथं उतरेल तिथं पाऊस पडला की आत पाणी साचतं आणि अंडी फुटतात. आज आपलीच जात आहे, उद्या परक्या देशातली येईल आणि येताना आपण नावही न ऐकलेला आजार घेऊन येईल.

"आन आपून काय साव न्हाई," ते म्हणायचे. "आपल्या टाक्यांत वाढणारा हिवतापाचा डास आफ्रिकेत जाऊन पोचलाय. आपल्या घरचं पोरगं परगावी जाऊन चोऱ्या करतंय, आन आपल्याला पत्ता न्हाई." हे सांगताना त्यांना खरोखर लाज वाटायची.

त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना ते दादा म्हणत, फौजेतून सुभेदार होऊन उंब्रजला शेती बघत होते. ते आले की दोघांची जुंपायची. दादा म्हणायचे, "आरं, दुश्मन दिसाय तरी पायजे का नगो?" अण्णा म्हणायचे, "तुमचा दिसत हुता म्हणून तुमाला पेन्शन जास्त." मग अण्णा कुठल्या तरी कार्यालयाला लिहिलेला ताजा अर्ज दादांना वाचून दाखवत. अशा अर्जांना उत्तर यायचं नाही. एकदा, फक्त एकदा, 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे' असं पत्र आलं, तर त्या आनंदात त्यांनी गल्लीत पेढे वाटले.

आता जिथं टायर हे पाप, तिथं मी टायरच्या वर्कशॉपमधला माणूस. अण्णांनी मला भाडेकरू म्हणून ठेवलं त्यामागं हेच कारण असणार, अशी मला शंका आहे. जेवायला बोलवायचे आणि आमटी वाढता वाढता विचारायचे, "आज किती उतरले? कुठनं आले? छपराच्या आत हाईत का बाहेर?"

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला बंदरावरून आलेल्या जुन्या टायरांचा एक ट्रक आमच्याकडं उतरला. मी बोलून गेलो आणि चूक केली. अण्णा दुसऱ्या दिवशी गेटवर हजर. त्यांनी एक एक टायर हातानं चाचपला, आत बॅटरी मारली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "गड्या, हे सगळे छपराखाली घे. आतनं ब्रशनं घास. एक सुदीक उघड्यावर ठिवू नगो. हा माझ्या हट्टाचा भाग न्हाई." मी हो म्हणालो, आणि खरंच दोन दिवस खपून माल आत घेतला. पण कामाला न येणारे काही टायर उरले. त्याच आठवड्यात वादळी वारं सुटलं, शेडचे पत्रे फडफडायला लागले आणि मालक म्हणाले, वर वजन ठेवा. आपल्याकडं पत्र्यावर वजन म्हणून काय ठेवतात हे मी सांगायला नको. शिडी लावली आणि ते टायर वर चढवले. संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "सगळं आत घेतलं?" मी म्हणालो, "व्हय, सगळं." वर्कशॉपच्या अंगणात बघितलं तर एकही टायर दिसत नव्हता, त्यामुळं ते खोटं मला फारसं खोटं वाटलंही नाही.

अण्णांना एकच मुलगी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. शाळेत जायच्या आधी ती मच्छरदाणीची टोकं गादीखाली खोचायला शिकली होती. तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर ठरलं आणि माणूस पार बदलला. कन्यादान मी करणार, म्हणून चार महिने आधीपासून ते भटजींना विचारून विधी पाठ करत होते. पोरीचा हात आपल्या हातानं जावयाच्या हातात द्यायचा, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात बोलून दाखवली. मांडव घरापुढंच घालायचा होता. मांडवाच्या कामगारांकडं पाण्याची पिंपं किती आणि त्यांना झाकणं आहेत का, हे अण्णांनी त्यांना सुपारी द्यायच्या आधी विचारलं.

परतीचा पाऊस त्या वर्षी उशिरापर्यंत रेंगाळला. पुढं आमच्या वर्कशॉपमधले दोघे जण एकाच आठवड्यात तापानं पडले. रक्त तपासलं तर डेंग्यू. मी त्याच दुपारी शिडी लावून वर गेलो, टायर खाली घेतले आणि पत्र्यावर वाळूची पोती ठेवली. टायरांत पाणी फारसं नव्हतं, याचं मला आश्चर्य वाटलं, पण समाधानही वाटलं. दोघे बरे होऊन कामावर आले. आणि लग्नाला तीन दिवस उरले असताना अण्णांना ताप भरला.

डॉक्टरांनी रोज रक्त तपासायच्या अटीवर घरी राहू दिलं. घरी आल्यावर अण्णांनी पहिलं काम काय केलं, तर भरदिवसा पडवीतल्या पलंगावर मच्छरदाणी बांधून घेतली आणि आत जाऊन बसले. काकी म्हणाल्या, "आता चावायचं ते चावून झालं, आता जाळी कशाला?"

"डासाला माझ्यापासनं वाचवायला," अण्णा म्हणाले. "माझ्या रक्तात आता आजार हाय. एक पट्टेवाली मला चावली की ती घिऊन फिरंल. ती दिवसा चावती. मांडवात चारशे माणूस येणार."

 अंगणातल्या मांडवात चारशे माणूस आणि मुलीचा बाप जाळीत. वरपक्षाकडून फोन आला, की तारीख पुढं ढकलायची का. मुलगी म्हणाली, ढकलू या. अण्णा जाळीतून म्हणाले, नाही, आणि तो विषय संपला. दादा उंब्रजहून आले तेव्हा त्यांना सांगितलं, "कन्यादानाला तुमी बसा." दादांनी त्यांच्याशी नेहमीसारखा वाद घातला नाही. मान हलवली आणि मागच्या दारी जाऊन पिंपाची झाकणं बघून आले.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी पडवीत गेलो. अण्णा धोतर, कोट आणि फेटा घालून जाळीत मांडी घालून बसले होते. फेट्याचा तुरा जाळीच्या छताला टेकत होता. चेहरा तापानं उतरलेला, पण नजर मांडवावर. मला त्या तीन दिवसांत झोप नव्हती. मी पलंगाशेजारी खाली बसलो.

"अण्णा, एक सांगायचं हाय."

"सांग."

"पावसाळ्यात मी तुमाला म्हणालो, सगळे टायर आत घेतले. दहा-बारा टायर शेडच्या पत्र्यावर हुते."

"सोळा," अण्णा म्हणाले.

मी ते कधी मोजलेही नव्हते.

"तुमच्या वर्कशॉपच्या सुट्टीदिवशी तू गावाकडं जायचास. मी वॉचमनकडनं शिडी मागून वर जायचो. पळीनं पाणी काढायचं, आतनं फडक्यानं पुसायचं. आठ दिसाला एकदा काढलं की तिची पोरं उडत न्हाईत."

त्यांचं वय, ती लोखंडी शिडी आणि पावसानं निसरडे झालेले पत्रे माझ्या डोळ्यांपुढं आले. "मग मला बोलला का न्हाई?"

"बोललो असतो तर तू टायर खाली घेतलं असतंस. वाऱ्यानं पत्रं उडालं असतं तर मालकानं तुलाच धरला असता. नवी नोकरी तुझी." त्यांनी फेट्याचा तुरा सावरला. "आन खरं सांगू? तू आपणहून सांगशील म्हणून थांबलो."

मला रडू आवरेना. मांडवात सनईवाले बसत होते, आजूबाजूनं बायका ताटं घेऊन जात होत्या आणि मी बापई माणूस पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडत होतो. अण्णांनी मला रडू दिलं.

"उगं," ते शेवटी म्हणाले. "माझाबी एक आठवडा चुकलाय. पत्रिका वाटाय उंब्रजला आन वाईला गेलतो, आन हिकडं पाऊस लागला. परत आलो तवा टायरांत नुसत्या कातड्या तरंगत हुत्या. पोरं उडून गेलती." मग त्यांचा आवाज जरा नेहमीसारखा झाला. "एक धरून भिंगाखाली बघितली. वाटलं हुतं, बंदरावरनं आलीया, परकी असंल. तर पाठीवर तीच वीणेसारखी पांढरी खूण. आपलीच. जन्मभर परकीची वाट बघितली आन चावली आपलीच. तशी हीबी कवातरी जहाजातनंच आली म्हणतात. आता आधार कार्ड तेवढं काढायचं राहिलंय."

कुठल्या डासानं कुणाकडून काय उचललं आणि कुणाला दिलं, हे कुणीच सांगू शकणार नाही. त्या दोन कामगारांना आणि अण्णांना माझ्या टायरांतूनच ताप आला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, हे अण्णांनीच मला नंतर दोनदा सांगितलं. ते मी ऐकून घेतलं, पण त्यानं माझ्या मनावरचं ओझं उतरलं नाही.

पळी त्यांनी जाळीत घेतली नव्हती. ती पलंगाशेजारच्या मेजावर होती, ती त्यांनी मला उचलायला सांगितली. "जा. हात धुवायची पिंपं बघून ये. पंगतीमागची पातेलीबी." आणि मी नवीन सदरा घालून, हातात पळी घेऊन वऱ्हाडातून फिरलो. नवऱ्याकडच्या एका मावशींनी मला वाढपी समजून आमटी मागितली.

मुहूर्ताला अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. दादा भावाच्या जागी उभे होते, ताठ, जणू कवायतीला. प्रत्येक कडव्याला चारशे हातांनी अक्षता उडत होत्या. मी पडवीच्या पायरीवर उभा होतो म्हणून मला दोन्हीकडचं दिसत होतं. अण्णांनी मुठीत अक्षता घेतल्या होत्या. सगळ्यांबरोबर त्यांनीही हात उचलून मुलीच्या दिशेनं टाकल्या. अक्षता जाळीवर आपटल्या आणि त्यांच्याच पांघरुणावर पडल्या. पुढच्या कडव्याला त्यांनी परत टाकल्या. त्या परत तिथंच पडल्या. शेवटपर्यंत त्यांनी एकही कडवं चुकवलं नाही.

कन्यादान झालं. दादांनी पोरीचा हात जावयाच्या हातात दिला तेव्हा अण्णांचे ओठ हलत होते, पाठ केलेलं सगळं ते आत बसून म्हणत होते. काकी एकदाच मागं वळून जाळीकडं बघून गेल्या.

विधी आटोपले तशी मुलगी शालू सावरत सरळ पडवीत आली. अण्णांनी आतूनच हात वर करून तिला थांबवलं. "लांबनं नमस्कार कर पोरी."

"हात लावून पसरत न्हाई, अण्णा. तुमीच शिकवलंय," ती म्हणाली. तिनं आधी जाळी बाहेरून दोन्ही हातांनी झटकली, पायथ्याशी टोक उचललं, खाली वाकून सरकन आत शिरली आणि पाठीमागचं टोक लगेच खाली सोडलं. हिरव्या चुड्याचे हात, मुंडावळ्या, एवढा सगळा थाट घेऊन ती त्या जाळीत बापासमोर गुडघ्यावर बसली.  पांघरुणावर पडलेल्या अक्षता तिनं एक एक करून वेचल्या, त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि डोकं खाली केलं.

"आता टाका," ती म्हणाली.

 अण्णांनी अक्षता तिच्या डोक्यावर सोडल्या आणि हात तिथंच ठेवला. मी पायरीवरून पुढं झालो आणि तिनं सोडलेलं जाळीचं टोक गादीखाली नीट खोचलं.